आग्रह एकदाच झाला

नव्या नकाशावर शाळेची हद्द जांभळ्या रेघेने दाखवली होती. ती रेघ सरळ गेली असती तर ऑरिन ट्वेटच्या आयुष्यात काहीच घडलं नसतं. पण तिने ऐन लार्क लेनच्या तोंडाशी येऊन वळण घेतलं, सगळी गल्ली कवेत घेतली आणि हायवे ओलांडून पलीकडे गेली. याचा अर्थ असा, की लार्क लेनची जी पोरं आजवर गल्लीच्या टोकाशी असलेल्या तामरॅक शाळेत जात होती, ती येत्या सप्टेंबरपासून हायवेखालच्या बोगद्यातून चालत क्वॉरी हिल शाळेत जाणार. तामरॅकचे वर्ग ओसंडून वाहत होते, क्वॉरी हिलला बाकं रिकामी होती, तेव्हा शाळा-मंडळाचं गणित चुकलेलं नव्हतं. पण स्वतःच्या कुंपणावरून रेघ गेली की गणित कोणाला पटतं?

आता मिनेसोटातली माणसं चिडली म्हणजे काय करतात, हे आधी सांगायला हवं. काही करत नाहीत. अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर "हे जरा वेगळंच आहे हं" एवढं म्हणतात आणि फावडं घेऊन दारातला बर्फ उपसायला जातात. नकाशा आला त्या आठवड्यात लार्क लेनमध्ये इतका बर्फ उपसला गेला, की जानेवारीत लोकांना आपापल्या हिरवळीचं दर्शन झालं.

ऑरिन या मंडळींतला मेरुमणी. खिडक्या तयार करणाऱ्या एका कंपनीत तो तक्रार विभागात होता. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, 'तुमचं बरोबर आहे' म्हणायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. स्वतःच्या घरची एक खिडकी वारा आत घेत होती. तिची तक्रार त्याने कधी केली नाही, कारण ती स्वतःकडेच करावी लागली असती आणि आपल्याला उगीच त्रास कशाला द्या, असं त्याला वाटे.

इथल्या लोकांत मागायची पद्धत नाही. कोणी "कॉफी घेणार?" असं विचारलं तर पहिल्यांदा "नको नको, उगीच कशाला" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "खरंच नको, आत्ताच झाली." तिसऱ्या आग्रहाला मान खाली घालून "बरं, केलीच असेल तर अर्धा कप." हा अर्धा कप काठोकाठ भरून येतो आणि सोबत केक येतो. एकदा विचारून थांबणारा यजमान आणि पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा पाहुणा, दोघांचंही गावात नाव निघत नाही. शेजारची बेव्ह क्रूगर लग्न होऊन इथे आली त्याला जमाना झाला, पण अजूनही पहिल्यांदा विचारताच "हो, दे की" म्हणते. मग लोक एकमेकांना हळू आवाजात सांगतात, "ती मूळची शिकागोची आहे." एखाद्याला मधुमेह आहे हे सांगावं तसं.

तर असा हा ऑरिन. त्याला शाळेच्या रेघेचं एवढं लागायचं कारण होतं टिल्डा, त्याची आठ वर्षांची लेक. टिल्डा घरात अखंड बडबडायची. दात घासताना बोलायची, झोपेत बोलायची. आणि शाळेच्या दारात पाऊल टाकलं की तिचं तोंड बंद व्हायचं. हट्ट नव्हे, लाजही नव्हे. आवाजच फुटत नसे. बालवाडीचं वर्ष गेलं, पहिली गेली, शाळेत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. यंदा दुसरीत तामरॅकच्या वाचनालयातल्या बाईंनी तिला पुस्तकं लावायला बसवलं, काही न विचारता आठवडेच्या आठवडे शेजारी नुसत्या बसून राहिल्या, आणि नोव्हेंबरात एक दिवस टिल्डा त्यांच्या कानात म्हणाली, "हे पुस्तक चुकीच्या फळीवर आहे." बाईंनी फोन केला तेव्हा ऑरिनची बायको डीना गाडी रस्त्याच्या कडेला लावून रडली. हजेरीला 'हजर' म्हणण्यापर्यंत आता मजल गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की बाकी काय हवं ते करा, या मुलीची शाळा मात्र बदलू नका.

हे शेजाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. घरातलं दुखणं दाराबाहेर न्यायचं नाही, ही ट्वेट घराण्याची रीत. शेजारी तर टिल्डाचं कौतुक करत, किती शांत मुलगी म्हणून.

शाळा-मंडळाच्या पहिल्या सभेला ऑरिन गेला तो फक्त एक प्रश्न विचारायला, आणि तोही दुसऱ्या कोणी विचारला तर बरं, अशा बेताने. पण त्याला पोचायला उशीर झाला. इकडे चर्चमध्ये काय आणि सभेत काय, मागच्या रांगा आधी भरतात. उशिरा येणाऱ्याला पहिल्या रांगेत बसावं लागतं, सगळ्यांच्या नजरेसमोर, हीच त्याची शिक्षा. ऑरिन पहिल्या रांगेत एकटाच बसला. अध्यक्षांनी विचारलं, की लार्क लेनच्या वतीने कोण बोलणार? मागे सगळी गल्ली जमिनीकडे बघत मूग गिळून बसली होती. अध्यक्षांना समोर एकच माणूस दिसत होता. सभा संपली तेव्हा ऑरिन विरोधी समितीचा प्रमुख झाला होता आणि लोक मागून येऊन त्याच्या धाडसाचं कौतुक करत होते.

मग सल्ले सुरू झाले. पहिला आला वेंडल ओपसाल. हा घरं विकण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला, पोरंबाळं नसलेला गृहस्थ. शाळेशी त्याचा संबंध एवढाच, की तामरॅकच्या हद्दीतलं घर म्हटलं की भाव चढतो आणि क्वॉरी हिलच्या हद्दीतलं म्हटलं की गिऱ्हाईक आधी छप्पर तपासतं. कारण क्वॉरी हिलच्या आजूबाजूला चाकांवरच्या घरांची वसाहत, कोंबड्यांच्या कारखान्यातले कामगार, नाना देशांहून आलेली माणसं. वेंडल स्वयंपाकघरात बसून तिसऱ्या आग्रहाची कॉफी पीत म्हणाला, "हे बघ ऑरिन, घराच्या किमतीचा 'कि' उच्चारायचा नाही. मुलांची सुरक्षितता म्हणायचं. सुरक्षिततेला कोणी नाही म्हणत नाही."

समितीची पहिली बैठक बेव्हच्या घरी झाली. जमलेल्या प्रत्येकाने हॉटडिश आणली होती, म्हणजे खिमा, डबाबंद सूप आणि वर कुरकुरीत बटाटे रचून ओव्हनमधून काढलेलं एकाच पदार्थाचं ताट. सगळ्यांचं एकसारखं, तरी प्रत्येकाने दुसऱ्याला कृती विचारली. त्यानंतर समितीचं नाव ठरवायचं होतं. 'विरोध' हा शब्द कोणालाच नको होता, कारण तो जरा विरोधी वाटतो. 'लढा' वगैरे तर विचारूच नका. शेवटी 'लार्क लेनचे विचारी रहिवासी' असं नाव पडलं. अंगणात लावायच्या पाट्यांवर काय लिहावं यावर पुढच्या दोन बैठका गेल्या आणि मजकूर ठरला: 'कृपया पुन्हा एकदा विचार व्हावा. धन्यवाद.' पाट्या छापून आल्या, लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. रस्त्यालगतची पट्टी नगरपालिकेची असते, तिथे पाट्या लावता येत नाहीत, हलवा. हलवायच्या तर आत जमीन गोठून दगड झालेली. ऑरिन कुदळ, उकळतं पाणी आणि पाठदुखीचा पट्टा घेऊन प्रत्येक अंगणात गेला. आदल्या रात्रीच्या बर्फ उपसणाऱ्या गाडीने निम्म्या पाट्या आधीच आडव्या केल्या होत्या. उरलेल्या त्याने आत सरकवून लावल्या त्या इतक्या आत, की रस्त्यावरून पाटीतलं फक्त 'धन्यवाद' वाचता यायचं.

दुसऱ्या सभेत बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. ऑरिनने आदले चार दिवस आरशासमोर तयारी केली होती. पण माईकपुढे उभं राहिल्यावर संस्कार आडवे आले. पहिलं मिनिट मंडळाच्या सभासदांचे आभार मानण्यात गेलं. दुसऱ्यात त्यांचा वेळ घेतल्याबद्दल त्याने माफी मागितली. तिसऱ्यात, बाहेर एवढी थंडी असूनही सगळे आले याचा त्याने उल्लेख केला, आणि "तर मुद्दा असा, की" एवढं म्हणताच घंटा वाजली. मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. वेंडल म्हणाला, सुरुवात छान झाली.

त्याच सभेत क्वॉरी हिलच्या बाजूने येर थाओ नावाची एक बाई उभी राहिली. तिची तिन्ही मुलं त्या शाळेत. आवाज न चढवता तिने विचारलं, "आमच्या शाळेत वाईट काय आहे, ते कोणी सांगेल का?"

बेव्ह लगबगीने म्हणाली, की काहीच वाईट नाही, फार छान शाळा आहे, आम्ही तर सगळीकडे तेच सांगतो.

"मग या ना," येर थाओ म्हणाली.

विचारी रहिवाशांनी बुटांच्या नाड्या तपासल्या. ऑरिनला त्या क्षणी उठून सांगावंसं वाटलं, की बाई, माझं भांडण तुमच्या शाळेशी नाही, घराच्या किमतीशी नाही, माझी मुलगी मोठ्या मुश्किलीने बोलायला लागली आहे हो. त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण दोनशे लोकांसमोर आपलं घरचं गाऱ्हाणं मांडायचं म्हणजे! तो बसून राहिला आणि येर थाओने त्यालाही इतरांतलाच एक समजून मान वळवली. ते मात्र त्याला जिव्हारी लागलं.

वेंडलच्या सुरक्षिततेच्या मुद्द्यासाठी मग बोगद्याची पदयात्रा निघाली. शाळांच्या नव्या मुख्य अधिकारी डॉ. डिनार्डोबाई न्यू जर्सीहून आल्या होत्या, त्यांना आणि गावच्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला बोलावलं. हायवेखालचा तो बोगदा काळोखा, निसरडा आणि भयाण आहे, हे त्यांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. ऑरिन आदल्या महिन्यात स्वतः जाऊन बघून आला होता, तेव्हा तो तसा होताही. मधल्या काळात, समितीच्याच पाट्यांची दखल घेऊन, नगरपालिकेने तिथे दिवे लावले, मीठ टाकून बर्फ काढला आणि भिंतीवर क्वॉरी हिलच्या मुलांकडून बदकांची चित्रं काढून घेतली. पलीकडच्या तोंडाशी रस्ता ओलांडून देणाऱ्या आजोबांनी प्रत्येकाला गरम कोको दिला. सगळ्यांनी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा तो घेतला, बेव्हने दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो: हातात कोको, ओठावर फेस, ऑरिन ट्वेट हसतोय. खाली बातमी, 'नव्या वाटेचं रहिवाशांकडून स्वागत.'

त्या दिवशी डीनाने वर्तमानपत्र टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाली, "सुरक्षितता, वाहतूक, बोगदा. टिल्डाचं नाव कधी काढणार आहेस तू?"

ऑरिन म्हणाला, की मी सगळ्यांसाठी उभा आहे, त्यात आपलंच घोडं पुढे दामटायचं हे बरं दिसतं का? लोक काय म्हणतील?

"लोकांना मुलगी शांत दिसते, ऑरिन. तिचं काय होतंय ते आपल्याला दिसतं," डीना म्हणाली आणि उठून गेली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, एवढंच नव्हे, तर आपल्याला ताक आवडतच नाही असं दुकानदाराला सांगायचं, असा हा प्रकार होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. पण हे ऑरिनला कोण सांगणार? सांगितलं असतं तर त्याने आधी आभार मानले असते.

शेवटची सभा मार्चमध्ये झाली. टिल्डाला ताप होता म्हणून डीना घरी थांबली. मतदान झालं आणि जांभळी रेघ जिथे होती तिथेच राहिली. विचारी रहिवासी हरले. बोगद्याच्या सुधारणेबद्दल मंडळाने त्यांचे खास आभार मानले, त्यामुळे ते हरलेसे वाटेनात.

मग डिनार्डोबाई उभ्या राहिल्या. ज्या मुलाचं शाळा बदलून खरोखर नुकसान होईल, त्याला तामरॅकलाच ठेवण्याचा एक अपवाद नियमात होता. पालकाने तो भर सभेत मागायचा आणि मंडळाने तिथल्या तिथे मंजूर करायचा. येत्या तिसरीच्या वर्गात एकच जागा उरली होती. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि सरळ ऑरिनकडे पाहिलं.

"मिस्टर ट्वेट, ही जागा तुमच्या मुलीसाठी हवी आहे का?"

हेच तर हवं होतं. इतक्या दिवसांची पाठदुखी, कुदळ, कोको, सगळं याच्याचसाठी होतं. तो उभा राहिला. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. आणि त्याच्या तोंडून, आईने लहानपणी घटवून घेतलेलं, आपोआप बाहेर पडलं.

"अहो नको नको, आमचं काय, आमचं भागेल. दुसऱ्या कोणाला गरज असेल तर बघा."

आणि तो वाट बघत उभा राहिला. मागच्या रांगाही वाट बघत होत्या. त्या सभागृहातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, की आता बाई म्हणणार, 'अहो, घ्या हो.' मग ऑरिन म्हणणार, 'खरंच नको.' मग बाई म्हणणार, 'घ्यायलाच हवी.' मग ऑरिन म्हणणार, 'बरं, अगदी उरलीच असेल तर.' सगळे तयारीत होते.

डिनार्डोबाई न्यू जर्सीच्या. त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आणखी कोणाला?"

"आम्हाला द्या," बेव्ह म्हणाली. तिचा धाकटाही तिसरीतच जाणार होता, आणि त्याचा हॉकीचा सराव तामरॅकच्या शेजारीच असतो, ने-आण करताना फार तारांबळ होईल, हे तिने नुकसान म्हणून सांगितलं. दुसरं कोणी मागितलंच नाही. कोण मागणार? मंजूर झालं. ऑरिन अजून उभाच होता.

सभेनंतर त्याने बाईंना बाहेर गाठलं. त्याला वाटलं होतं की दुसरा आग्रह कदाचित खासगीत होणार असेल.

"मी विचारलं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, खरोखर गोंधळल्या होत्या. "तुम्ही नाही म्हणालात."

"ते नाही नव्हतं," ऑरिन म्हणाला.

"मग काय होतं ते?"

ठरावाची नोंद झाली होती, ती आता बदलणार नव्हती. बाईंना वाईट वाटलं असावं, त्यांनी त्याचा हात दाबला आणि पुढच्या वर्षी बघा म्हणाल्या. पुढच्या वर्षी तिसरीही सरलेली असते.

घरी आला तेव्हा डीना दारातच उभी होती. चेहरा उजळलेला. "विचारलं ना त्यांनी?" ती म्हणाली. तिनेच डिनार्डोबाईंना फोन केला होता. टिल्डाचं सगळं सांगितलं होतं. ऑरिनला आधी बोलली नव्हती, कारण बोलली असती तर तो आदल्या दिवशीच ऑफिसात जाऊन नको म्हणून आला असता.

"विचारलं," ऑरिन म्हणाला.

"मग?"

"एकदाच."

डीना पाद्र्याची मुलगी, याच मातीतली. तिला पुढचं काही सांगावं लागलं नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "हे जरा वेगळंच आहे हं," आणि उठून फावडं घेऊन बाहेर गेली. बाहेर उपसायला बर्फ उरलेलाच नव्हता. तरी फावड्याचा आवाज येत राहिला.

एप्रिलमध्ये विचारी रहिवाशांनी ऑरिनचा सत्कार केला. पुन्हा त्याच हॉटडिश. त्याच्या निःस्वार्थ वृत्तीवर तिघे बोलले. आपल्या पोरीसाठी आयती आलेली जागा ज्याने दुसऱ्याला दिली असा माणूस या काळात मिळणं कठीण, असं वेंडल म्हणाला तेव्हा काही बायकांनी डोळे पुसले. लाकडी मानचिन्ह पुढे केलं गेलं. ऑरिन दोनदा नको म्हणाला, लोकांनी तिसऱ्यांदा आग्रह केला, आणि त्याला ते घ्यावं लागलं. मे महिन्यात वेंडलने घर विकलं. जाहिरातीत शाळेचा उल्लेख नव्हता, गल्लीतल्या 'एकोप्याचा' होता. बेव्ह दर शनिवारी भेटते, मनमोकळी आहे, एकदा तिनेच विचारलं, "अरे, तुला खरंच हवी होती का ती जागा? मला वाटलं नको म्हणालास." तिच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

उन्हाळाभर ऑरिनने एकच निश्चय घोटला. आता कोणी काही विचारलं की पहिल्या झटक्यात हो म्हणायचं. लाज सोडायची. बायकोसमोर त्याने सरावही केला. डीनाने ऐकून घेतलं.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी तो टिल्डाला घेऊन क्वॉरी हिलला गेला. बोगद्यातून जाताना ती सारखी बोलत होती. बदकांना नावं देत होती, एकाचा पाय वाकडा काढलाय म्हणत होती. शाळेच्या फाटकाशी वाक्य अर्धं राहिलं. वर्गाच्या दाराशी बाई उभ्या होत्या, तरुण, गोड, आणि इथल्याच. त्यांनी वाकून नाव विचारलं. टिल्डाने त्यांच्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. बाईंनी हसून ऑरिनकडे पाहिलं. "तिला काही लागलं, काही खास मदत हवी असली, तर अगदी निःसंकोच सांगा हं."

"हो," ऑरिन म्हणाला. पहिल्या झटक्यात. आणि मग जे दोनशे माणसांपुढे बोलायचं होतं ते सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. ती शाळेत बोलत नाही. तिला रोज थोडा वेळ कोणीतरी शेजारी नुसतं बसायला हवं. काही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. खूप दिवस. त्याने पहिल्यांदाच आयुष्यात कोणाकडे काही मागितलं होतं, आणि त्याचा आवाज एवढा मोठा झाला होता की आतली पोरं वळून बघायला लागली.

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्या एक पाऊल मागे सरल्या. त्यांनी रीत म्हणून विचारलं होतं. आत तीस पोरं आरडाओरडा करत होती, वर्गात त्या एकट्या होत्या, आणि असं विचारल्यावर पालकांनी 'नको नको, काही नको' म्हणायचं असतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. "बघू हं आपण."

या मुलखात वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. टिल्डालाही कळला. तिने बापाच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि आत गेली.